कोहळ्याचं सांबार झालं तो बुधवार

हे मले आत्ताच सांगू द्या. जेवणाची सुट्टी संपायले पंचवीस मिनिटं आहेत, डबा मी अजून उघडला नाही, पण हे सांगतल्याशिवाय घास जाणार नाही.

सकाळी आमच्या अकोल्याच्या ऑफिसात मीटिंग झाली. एक साहेब मोठ्या आरामात म्हणाले की बॅकअप तं रोज होते ना आपला, मंग काहून फिकर करायची. सगळ्यांनी माना हलवल्या. मले एवढं हसू आलं की मी खोकल्याचं सोंग घेतलं आन पाणी प्यायले बाहेर निघाली. आन बाहेर निघाल्यावर हसू गेलं, कारण भाऊ आठवले.

भाऊ म्हणजे माझ्या पहिल्या नोकरीतले वरिष्ठ. अमरावतीत एक बियाण्याची कंपनी आहे, हरभऱ्याचे आन तुरीचे नवीन वाण काढते. मी बाळापूरची, नुकताच कोर्स संपवून तिथं चिकटली होती. कंपनीतलं कॉम्प्युटरचं जे काही होतं ते सगळं भाऊ. पन्नाशी कधीच ओलांडलेली, अंगानं काडी, आन सर्व्हरच्या थंड खोलीत गेले की कानाले दुपट्टा गुंडाळलेला. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आन आत हा माणूस थंडीतल्या राखणदारासारखा बसलेला. पहिल्या दिवशी मले वाटलं याइचा दात दुखून राहिला.

त्या खोलीत एक मोठी लोखंडी मशीन होती आन तिच्या पोटात नऊ मशीनी. म्हणजे खऱ्या नाहीत, मानलेल्या. एकाच मशीनवर नऊ जणी राहत, पण प्रत्येकीले वाटे आपण एकटीच. हे सगळीकडे असतेच, यात नवल नाही. नवल त्याइच्या नावांचं. दुसरीकडे मशीनीले सर्व्हर एक, सर्व्हर दोन असं म्हणतात. आमच्या इथं वांगं, भेदरं, मुळा, चवळी, सांबार आन कोहळं वगैरे. आता आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर आन भेदरं म्हणजे टमाटर, हे पुण्याकडच्या लोकांले सांगावं लागते. एकदा तिकडचा एक माणूस मशीन दुरुस्तीसाठी फोनवर होता, त्याले भाऊनं सांगतलं की भेदरं बंद करा पण सांबार चालू ठेवा. त्या बिचाऱ्यानं फोन आपल्या साहेबाकडे दिला.

मले वाटे हा निव्वळ येडेपणा आहे. भाऊंचं घर भातकुलीकडचं, पिढ्यान्‌पिढ्या भाजी आन फुलं करणारं, म्हणून नावं तशी दिली असतील. मंग एका दिवशी त्याइनं मले समोर बसवलं आन समजावलं. ते बोलले तसंच लिहून राहिली.

"तुह्या कोर्सात काय शिकवलं मले नाई मालूम. आमच्या घरी बाप बाजाराले निघाला का पह्यले पाहे, कोनतं किती टिकते. सांबार दुपारीच सुकते. भेदरं दोन दिवस. कोहळं माळ्यावर टाक, सहा महिने तसंच. मशीनीचंबी तेच हाय माय. जिचं काम दर तासाले बदलते तिची कॉपी दर तासाले घ्याची. जिच्यात महिनाभर कोनी हात नाई लावत, तिची हप्त्यातून एकदा. सगळ्याइची रोज घेतो म्हनशील तं जागा पुरत नाई आन ध्यानबी राहत नाई."

मी कोर्सात यावर आख्खा एक धडा पाठ केला होता, इंग्रजी शब्दासकट. तो मले त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

त्याइचं दुसरं म्हणजे चिठ्ठी. हे ऐकाच. भाऊंच्या टेबलावर चिवड्याचा एक स्टीलचा डबा होता. त्यात चिठ्ठ्या, आन प्रत्येक चिठ्ठीवर कंपनीतल्या कोणत्या तरी एका फाईलचं नाव. शुक्रवारी चहाच्या आधी जो कोणी दारातून जाईल त्याले पकडून चिठ्ठी काढायले लावत. जी फाईल निघेल ती बॅकअपमधून वापस आणून, उघडून, त्या माणसाले दाखवायची. तोवर आम्हाले चहा नाही. आन चहावाल्याले आमच्या खोलीचे कप आणू नको म्हणून भाऊ स्वतः सांगून येत. सुरुवातीले मी म्हणे, भाऊ, पाहा ना, इथं हिरवी टिकली आली, बॅकअप झालेला आहे. ते टिकलीकडे पाहतही नव्हते.

"गेलं ते नको सांगू. वापस आलं का ते सांग."

हे वाक्य मी त्याइच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की माझी आई फोनवर पैसे, पार्सल, काहीही पाठवलं म्हणाली की मीच तिले तसं विचारू लागली.

एका शुक्रवारी मालकच दारात सापडले. चिठ्ठी निघाली ती त्याइच्या मुलीच्या लग्नाच्या पाहुण्यांची यादी, जी त्याइनं ऑफिसच्या मशीनीत गुपचूप ठेवली होती. भाऊनं ती सगळ्यांसमोर वापस आणली, उघडली, पहिलं आन शेवटचं नाव वाचून दाखवलं आन बराबर आहे का म्हणून विचारलं. मालक हौ म्हणाले. त्या यादीत आमच्यातल्या कोणाचं नाव नव्हतं, हे तेव्हाच सगळ्यांले कळलं. पुढल्या हप्त्यात पत्रिका आल्या.

आन शनिवारची अकोल्याची वारी तं राहूनच गेली. सगळ्या मशीनींची एक कॉपी एका डिस्कमधे घेऊन भाऊ दर शनिवारी एसटीनं अकोल्याच्या शाखेत नेऊन ठेवत. मागच्या शनिवारची वापस आणत. डिस्क टिफिनच्या डब्यात, डबा दुपट्ट्यात, दुपट्टा मांडीवर. मागच्या सीटवर कधी बसले नाहीत, धक्के लागतात म्हणून. मी विचारलं, भाऊ, इंटरनेटनं जाते ना कॉपी अकोल्याले, मंग हे काहून? तं म्हणाले, जे वायरीनं जाते त्याच्या मागं रोगही वायरीनं जाते, एक तरी कॉपी अशी पाहिजे जिले वायरच माहीत नाही. मूर्तिजापूरले एका कंडक्टरनं डब्यात काय म्हणून विचारलं होतं. भाऊ खरं बोलले, नऊ मशीनी आहेत. कंडक्टर पुढल्या स्टॉपपर्यंत त्याइच्याकडे पाहत होता म्हणे.

आता तो बुधवार.

आमच्या कंपनीत हरभऱ्याचे वाण काढणाऱ्या एक मॅडम होत्या. त्या दोन झाडांचा संकर करत, मंग त्याच्या पोरांचा, मंग त्या पोरांच्या पोरांचा. रोगात टिकणारं वाण पाहिजे म्हणून सहा वर्षं त्याइचं हेच चालू होतं. ऑक्टोबरात पेरणीच्या आधी सगळं बी पाकिटात भरायचं. पाकिटावर फक्त नंबर. कोणत्या नंबरचे मायबाप कोण, ते फाईलमधे. शेतातून आलेल्या पिशवीले एक कागदी चिठोरी बांधलेली असे, तिच्यावर पेन्सिलनं नावं. पॅकिंगच्या हॉलमधल्या तिघी जणी ती नावं कॉम्प्युटरवर चढवत, पाकिटाले नंबर चिकटवत आन चिठोरी पोत्यात टाकत. ते पोतं रोज दुपारी मागच्या अंगणात पेटवून देत. मुद्दाम. दुसऱ्या कंपनीवाल्याले कळू नये की आमच्या मॅडमनं कशाचा संकर कशाशी केला. म्हणजे फाईल गेली तं पाकिटातलं बी निव्वळ हरभरा. फोडणीले टाका.

ही सगळी कामं ज्या मशीनीवर होत तिचं नाव कोहळं. कारण वर्षातले अकरा महिने तिच्यात कोणी हात घालत नव्हतं. कॉपी हप्त्यातून एकदा, शनिवारी.

त्या बुधवारी भाऊ अकोल्याले गेले होते, तिथल्या मशीनचा पंखा बंद पडला होता. साडेअकराच्या सुमारास मॅडम माझ्याकडे आल्या, चेहरा पांढरा. त्याइनं आपल्या मोठ्या यादीत एकाच रकान्याची उतरण लावली, म्हणजे बाकीचे रकाने सोडून तेवढीच नावं क्रमानं लावली, आन फाईल तशीच ठेवून दिली. नंबर जागेवर आन नावं सगळी इकडची तिकडं. सहा वर्षांची यादी. त्या म्हणाल्या, वापस येईल का गं?

मले काय झालं सांगू, मले आनंद झाला. खोटं नाही बोलत. एवढे शुक्रवार चिठ्ठ्या काढल्या, आन आता खरंखुरं कोणी तरी विचारून राहिलं, तेही भाऊ नसताना. मी म्हटलं, मॅडम, पाणी प्या, वीस मिनिटं द्या. बॅकअप उघडला. त्यानं विचारलं, आख्खी मशीन वापस आणायची की आतली एखादी फाईल? मी विचार केला, आख्खीच आणू, म्हणजे काही सुटायले नको. मंग विचारलं, जुन्या जागेवरच की दुसरीकडे? मी म्हटलं जुन्याच. ठोकलं बटन.

अठरा मिनिटांत शनिवारचं कोहळं जसंच्या तसं हजर. मॅडमची यादी एकदम बराबर. मॅडमनं माझा हात धरला. मी चहा सांगतला, भाऊंचाही कप सांगतला, ते नसताना.

चहा यायच्या आधी पॅकिंगमधल्या दोघी दारात आल्या. त्याइनं विचारलं की आमचं सोमवारपासूनचं कुठी गेलं?

मले तेव्हा कळलं. एक यादी वापस आणायले मी आख्ख्या मशीनले शनिवारात नेऊन ठेवलं होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिघींनी बसून चढवलेली सगळी नावं त्यात पुसली गेली. पाकिटं मात्र हॉलमधे रचलेली, चिकटवलेली, नंबरवाली. आन सोमवारची, मंगळवारची पोती जळून गेलेली. मी खिडकीतून पाहिलं तं बुधवारचं पोतंही अंगणात धूर काढून राहिलं होतं. तिकडे कोणी लवकर पेटवलं होतं.

मी भाऊंले फोन लावला. रडत रडत काय सांगतलं ते माझं मलेच नाही मालूम. ते ओरडले नाहीत. एकच गोष्ट बोलले.

"कोनीबी कोनताच कॉम्प्युटर बंद नाई कराचा. माऊसलेबी हात नाई. मी निघालो."

अकोला ते अमरावती एसटीनं दोन-अडीच तास. तेवढा वेळ तो हॉल कसा बसला असेल विचार करा. दोघी आपापल्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून, फोटो काढून घेणाऱ्या पाहुण्यासारख्या. स्क्रीन झोपू नये म्हणून काय करायचं, हात तं लावायचा नाही, असा एक वाद झाला, तो मॅडमनं मिटवला. स्पेसबार चालेल, पण एक बोट. मालक येऊन गेले. त्याइच्याही कॉम्प्युटरले हात लावायचा नाही का, असं विचारून गेले.

भाऊ आले ते सरळ हॉलमधे. पहिलीच्या कॉम्प्युटरवर तिची फाईल सोमवारपासून उघडीच पडलेली होती. तिले रोज बोलणे बसत, काम झालं की फाईल बंद करत जा म्हणून. त्या उघड्या खिडकीत सगळी नावं तशीच होती. भाऊनं ती पेनड्राइव्हवर उतरवली, पेनड्राइव्ह काढला, दुसऱ्या कॉम्प्युटरले लावला, उघडून पाहिला, तेव्हाच मान हलवली. दुसरीचीही तशीच उघडी. तीही आली. मॅडमच्या डोळ्यात पाणी.

तिसरं टेबल सुनीताताईचं. सुनीताताई हॉलमधली सगळ्यात टापटीप बाई. हे सगळं व्हायच्या आधीच, अकरा वाजता, आपला हिस्सा संपवून, फाईल नीट ठेवून, नीट बंद करून, कॉम्प्युटर बंद करून, त्याच्यावर कापडी झाकण घालून त्या पोराच्या शाळेत मीटिंगले गेल्या होत्या. जसं आम्हीच त्याइले शिकवलं होतं तसं. भाऊनं तो कॉम्प्युटर चालू केला, तास दीड तास त्याच्यात बसले. काही नव्हतं. नीट बंद केलेल्या गोष्टीची खूण राहत नाही.

एकशे बारा पाकिटं बिननावाची राहिली.

सुनीताताई संध्याकाळच्या आत आल्या, त्याइले कळलं, आन त्या मलेच समजावू लागल्या की मले थोडी थोडी नावं ध्यानात आहेत. त्या बसल्या, डोळे मिटून सहा सांगतली, मंग त्यातल्या दोनाबद्दल शंका आली, मंग सगळीच पुसली. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा नको, म्हणाल्या.

मालकांनी आम्हाले बोलावलं आन कोणी केलं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत भाऊ बोलले. मले वाटलं आता हे माझ्यावरचं आपल्या अंगावर घेणार, सिनेमात घेतात तसं. तसं काही नाही.

"हात हिचे, डोकं माह्यं. आख्खी वाडी उपटून एक वांगं शोधलं, हे हिचं चुकलं. शनिवारची कॉपी बाजूले उघडून तेवढी एक फाईल काढाची होती. पन ऑक्टोबरात कोहळ्याचं सांबार झालं, तिघी जनी दिवसभर त्याच्यात लिहून राहिल्या, आन मी हप्त्यातून एकदाच कॉपी घेत होतो. तासातासाले असती तं आज एका तासाचं गेलं असतं. ते मले दिसाले पाह्यजे होतं."

मालकांले त्यातलं वांगं तेवढं कळलं असावं. पण त्याइनं पुन्हा कोणी केलं म्हणून विचारलं नाही.

त्या दिवसापासून भाऊ दर सोमवारी टेबलाटेबलावर फिरू लागले. प्रत्येकाले विचारत, या हप्त्यात तुमचं काम कोहळं आहे का सांबार? लोक हसत. मंग हळूहळू लोकच येऊन सांगू लागले, भाऊ, उद्यापासून माझं सांबार आहे बरं का. मले मात्र एका शब्दानं टोचलं नाही. उलट पुढल्या दिवशी सकाळी तेच बटन माझ्याकडून वीसदा दाबून घेतलं, रिकाम्या मशीनवर. जुन्या जागेवर की बाजूले? बाजूले. आख्खी की एक फाईल? एक फाईल. विसाव्यांदा मी न विचारता बराबर दाबलं तेव्हा उठले.

आन मॅडम? मॅडमनं ती एकशे बारा पाकिटं फेकली नाहीत. भातकुलीच्या प्लॉटवर सगळ्यात शेवटी, बांधाले लागून, नुसत्या नंबरनं पेरली. झाड उगवलं की ओळखू, म्हणाल्या. त्याइची एक जुनी हाताची वही होती, कोणत्या वाणाचं पान कसं, फूल कसं, हे लिहिलेली. भाऊंचं घर जवळच. ते दर रविवारी त्या रांगांत जाऊन बसत. गवत काढत. मी दोनदा गेली होती. फुलं आली तेव्हा मॅडम वही घेऊन आन भाऊ मागं खुरपं घेऊन, एकेक झाड. हे पांढरं फूल, बारीक पान, म्हणजे अमक्याचं. हे गुलाबी, खोड लाल, म्हणजे तमक्याचं. भाजीवाल्याच्या घरचा माणूस, मॅडमले दिसत नव्हता तो पानाचा फरक याइले दिसे. ब्याण्णव ओळखता आली. वीस राहिली. ती काही केल्या कोणाची आहेत ते कळेना. मॅडमनं बी जपून ठेवलं, वर्षभरानं पुन्हा पेरलं.

त्या दुसऱ्या वर्षी प्लॉटवर मर रोग आला. हरभऱ्याचं झाड उभ्या उभ्या वाळते. ओळीच्या ओळी पिवळ्या पडल्या, नावागावाचे चांगले चांगले वाण बसले. आन बांधाकडे त्या विसातली एक ओळ हिरवीगार उभी. घाटे लगडलेले. मॅडम तिच्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं, आन ते कोणापासून झालं हे जगात कोणाले मालूम नाही. बी आहे, वाढवता येईल. पण असाच संकर पुन्हा करायचा म्हटलं तं कोणाचा कोणाशी?

मी त्या दिवशी पहिल्यांदा मॅडमले सॉरी म्हटलं. सव्वा वर्ष झालं होतं. त्या म्हणाल्या, तू बटन दाबलं, उतरण मी लावली होती.  भाऊ बांधावर बसून त्या झाडाचा पाला बोटानं चोळत राहिले.

ऑफिसात आल्यावर त्या वाणाची नोंद करायची होती. मॅडमच्या फाईलमधे मायबापाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, काही तरी लिहिल्याशिवाय ती पुढं जाऊ देत नाही. मी म्हटलं, एक आडवी रेघ टाकू का? मॅडम म्हणाल्या, 'अज्ञात' टाक. भाऊ म्हणाले, अज्ञात म्हनजे कोनालेच कधी माहीत नव्हतं. हे तसं नाई. त्याइनं माझा कीबोर्ड ओढून घेतला आन दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, लिहिलं:

'माहीत होते. आमच्या हातून गेले.'

आन खाली माझं नाव टाकलं आन त्याच्या आधी स्वतःचं.

ती नोंद आजही तशीच आहे. मीटिंगमधून बाहेर आल्यावर माझं हसू त्याच ओळीनं गेलं. सुट्टी संपून राहिली, डबा तसाच आहे. तुमच्याकडून झालं काय कधी असं? एक गोष्ट वापस आणायले गेले आन तिच्या भोवतीचं सगळं पुसून बसले? आन झालं असेल तं त्या रकान्यात तुम्ही काय लिहिलं?